मक्खी बहनजी

वत्सलाबाई रहांगडाले यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भिलाईतल्या खुर्सीपारच्या बाजारात एका फळवाल्याच्या टोपलीसमोर उकिडव्या बसल्या होत्या आणि सडलेल्या केळ्यांवर रुंद तोंडाची एक बाटली उपडी धरून होत्या. फळवाला बिचारा त्यांना चांगली केळी दाखवत होता. त्या मान हलवत होत्या. "भैया, केला नहीं चाहिए. ये जो ऊपर उड़ रहे हैं ना, वो चाहिए." फळवाल्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी नागपूरहून नुकतीच आलेली, मी काय सांगणार? थोड्या वेळाने बाईंनी बाटलीच्या तोंडात कापसाचा बोळा बसवला, बाटली उजेडात धरून आतली चिलटं पाहिली आणि समाधानाने उठल्या. माझ्या लुगड्याच्या नेसण्यावरून मी मराठी हे त्यांनी ओळखलं असावं.

"नव्या आल्या वाटते. कोणत्या सेक्टरात?"

मी सेक्टर सांगितला. मालक रोलिंग मिलमध्ये आहेत, मी शाळेत गणित शिकवायला रुजू होणार आहे, हेही सांगितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मोजणारं कोणी तरी पाहिजेच होतं मले."

दुसऱ्या दिवशी कळलं की त्या त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवतात आणि माझ्या क्वार्टरच्या मागच्या लाइनीत राहतात. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. अर्धं गाव उभं होतं, अर्धं नकाशात होतं. शाळा पत्र्याच्या बराकीत भरायची. वर्गात पंजाबी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, सगळी मुलं. सगळ्यांची मिळून भाषा हिंदी. या मुलांनी वत्सलाबाईंचं नाव ठेवलं होतं मक्खी बहनजी. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा एका मुलीने वहीच्या कव्हरवर शिक्षिकेचं नाव म्हणून चुकून तेच लिहिलं, तेव्हा बाईंनी लाल पेन्सिलीने फक्त ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून वही परत दिली.

पस्तिशीच्या असतील. लग्न केलेलं नव्हतं. मूळ गाव भंडाऱ्याकडचं, धानाचं. वडील रेल्वेत गँगमन म्हणून दुर्गला आले आणि तिथलेच झाले. बाई नागपूरला बी.एस्सी. झाल्या. त्यांच्या घराण्यात एवढं शिकलेलं आधी कोणी नव्हतं, आणि याचा अभिमान किंवा संकोच यांपैकी काहीही त्यांच्या वागण्यात दिसत नसे. चालणं झपाट्याचं. काखेत छत्री, ऊन असो नसो. आणि एक सवय: कोणी काही ठासून सांगितलं की त्या विचारत, "मोजलं काय?" बस रोज उशिरा येते, असं कोणी म्हटलं की, "मोजलं काय?" पंजाबी मुली गणितात कच्च्या, असं मी एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणून गेले. "मोजलं काय, देशकरबाई?" मी मोजलं. तसं काही नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर तोलून बोलू लागले.

सकाळी हजेरी घेताना त्या मुलांना हजर आहेस का असं विचारत नसत. नाव घेत आणि म्हणत, "क्या खाया?" मूल काय खाल्लं ते सांगे, तीच हजेरी. जो गप्प राही त्याला टेबलाच्या खणातल्या डब्यातून मूठभर फुटाणे मिळत, आणि ते खाऊन होईपर्यंत बाई धडा सुरू करत नसत. हे सगळं इतक्या कोरडेपणाने चाले की फुटाणे घेणाऱ्याला लाज वाटायला जागाच उरत नसे.

माशांचं खूळ कॉलेजातलं. त्यांच्या एका प्राध्यापकांनी फळमाशी पाळायला शिकवलं होतं. दहा-बारा दिवसांत अंड्याची माशी होते, दोन-अडीच महिन्यांत म्हातारी होऊन मरते, म्हणजे एका हिवाळ्यात अख्खा जन्म डोळ्यांपुढे होऊन जातो. बाईंना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. कोणी काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा उपाशी राहिलं, यावर ते किती जगतं हे कसं ठरतं? अळ्यांचं, माशांचं, पुढे जमलं तर उंदरांचं. माणसांपर्यंत जायची त्यांना घाई नव्हती.

माशांचा स्वयंपाक त्या शाळेतल्याच स्टोव्हवर करत. मक्याचं पीठ, गूळ आणि घट्टपणासाठी चायना ग्रास शिजवायचं, गार झालं की बाटल्यांत ओतायचं आणि वर खमीर भुरभुरायचं. खमीर मिळे रशियन इंजिनियरांसाठी पाव भाजणाऱ्या बेकरीतून. बेकरीवाल्याचा समज होता की बाई घरी पाव करतात. एकदा त्याने मला विचारलं, बहनजींचा पाव फुगतो का? आमचा शिपाई धनसाय याने एकदा बाईंच्या त्याच पातेल्यात, तळाशी राहिलेल्या खळीसकट, चहा केला. हेडमास्तर तो प्याले आणि म्हणाले, आज दूध चांगलं आलेलं दिसतं. बाईंनी खाली मान घालून वह्या तपासणं सुरू ठेवलं. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

भिलाईचा उन्हाळा माशांना सोसत नाही. ऊन चढलं की त्या अंडी घालत नाहीत, आणि थोडं आणखी चढलं की मरतात. माझ्या क्वार्टरची मोरी उत्तरेकडे होती, तिथे जरा गारवा असे. एप्रिलच्या सुरुवातीला बाई एक पसरट कुंडं घेऊन आल्या. त्यात ओली रेती, रेतीत बाटल्या रोवलेल्या, वरून ओलं गोणपाट.

"दिवसातून तीनदा पाणी शिंपडजा. माया घरी तर भट्टीच आहे."

आमचे हे कामावरून आले आणि मोरीत पाय धुताना त्यांना गोणपाटाखाली हालचाल दिसली. ते कमी बोलणारे. त्यांनी गोणपाट उचलून पाहिलं, परत ठेवलं, आणि जेवताना एवढंच विचारलं, "पाहुणे किती दिवस आहेत?" पावसाळ्यापर्यंत, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पुढे मी माहेरी गेले तेव्हा पंधरा दिवस पाणी त्यांनीच शिंपडलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाईंनी खरा प्रयोग मांडला. एकाच दिवशी जन्मलेल्या माशा चार बाटल्यांत सारख्या वाटल्या. पहिलीत खमीर घातलेलं भरपूर अन्न. दुसरीत तेच, पण पाणी घालून पातळ केलेलं. तिसरीत नुसतं साखरेचं पाणी घट्ट करून. चौथीत अन्न अजिबात नाही, फक्त पाण्याचा ओला बोळा. रोज सकाळी प्रार्थनेआधी आणि शाळा सुटल्यावर त्या बाटल्या पांढऱ्या कागदावर धरून कावळ्याच्या पिसाने मेलेल्या माशा वेगळ्या करत, नर किती, माद्या किती ते बघत, आणि मी वहीत आकडा लिही. वहीत लिहिणं एवढाच माझा या सगळ्यात वाटा.

चौथी बाटली अर्थात आधी संपली. दुसऱ्या दिवशी नर पडायला लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर नर एकही उरला नव्हता, आणि काही माद्या अजून काचेवर चढत होत्या, घसरत होत्या, पुन्हा चढत होत्या. नववीतली एक मुलगी मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "बहनजी, पाप लगेगा."

"लगेगा," बाई म्हणाल्या. "इसीलिए बराबर गिनना चाहिए. बिना गिने मारा तो दो बार लगेगा."

मुलगी गेल्यावर मी म्हटलं, माद्या जास्त टिकल्या की हो. त्यावर आमच्या हिंदीच्या शिक्षिका खोलीच्या दारातून म्हणाल्या की म्हणूनच व्रतवैकल्यं बायकांना सांगितलीत. बाईंनी पिसाने शेवटचा मेलेला नर कागदाच्या कडेला सारला.

"टिकतात म्हणून उपाशी ठेवावं, असं थोडीच आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. हिंदीच्या बाई गेल्यावर माझ्याकडे न बघता मराठीत बोलू लागल्या. "मी सात-आठ वर्षांची असन. त्या साली धान झालंच नाही. माय सगळ्यायले वाढे आन् हंडीवर झाकण ठेवून, त्यावर हात ठेवून बसे. आमाले वाटे अंदर अजून आहे. आधी बाबा पडले, मंग मी पडली. माय नाही पडली. पुढच्या साली पीक चांगलं आलं, सगळे पोटभर जेवाले लागले, आन् तवा गेली." त्यांनी बोळा घट्ट बसवला. "बाया उपाशी जास्त टिकतात. मले माहीत होतं. मोजलं नव्हतं."

आईबद्दल त्या माझ्याशी बोलल्या त्या तेवढ्याच.

घोटाळा पहिल्या दोन बाटल्यांनी केला. भरपूर अन्नातल्या माशा सगळ्यांत जास्त जगतील, असं बाईंनी वर्गात छातीठोक सांगून ठेवलं होतं. तसं झालं नाही. पातळ अन्नावरच्या माशा भरल्या बाटलीतल्या माशांपेक्षा मागे राहिल्या, म्हणजे जास्त दिवस जगल्या. पुढच्या हिवाळ्यात बाईंनी पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मला लिहायला लावल्या, कोणती कुठली हे त्यांना कळू नये म्हणून. तरीही तेच.

शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. हेडमास्तर म्हणाले, आरोग्याच्या पुस्तकात पोटभर पौष्टिक खा असं लिहिलंय, आणि तुमचा तक्ता सांगतो कमी खा. लोक हसतील. तुम्ही हा तक्ता लावू नका, किंवा थोडा बरा करून लावा. बाई म्हणाल्या, "सर, गलत मैं थी. मक्खियाँ गलत नहीं हैं." वर्गात जाऊन त्यांनी मुलांपुढेही ते कबूल केलं, आणि तक्ता जसा होता तसा भिंतीवर लागला. अंडी किती घातली त्याचा दुसरा तक्ता त्यांनी केला होता, पण भिंत पुरली नाही, म्हणून तो टेबलाखाली गुंडाळलेलाच राहिला. ती चूक आम्हा दोघींची.

प्रदर्शनाला तिवारीजी आले होते. मरोद्याजवळ बांधकामावरच्या मजुरांची मुलं दुपारी जेवत, त्या शेडचं काम ते पाहत. बाया डोक्यावर घमेली वाहायला जात आणि पोरं शेडमध्ये सोडून जात. दुपारी त्यांना भात, डाळ आणि उकडलेले चणे मिळत. तिवारीजी सज्जन गृहस्थ. मुलं दर आठवड्याला वाढत होती आणि धान्य तेवढंच येत होतं, त्याने ते रात्रंदिवस चिंतेत असत. बाईंच्या तक्त्यापुढे ते बराच वेळ उभे राहिले, वहीत काही उतरवून घेतलं, बाईंना नमस्कार करून गेले.

दोन आठवड्यांनी धनसायने सांगितलं की त्याची नात मरोद्याच्या शेडमध्ये जेवते, तिथे आता डाळ आणि चणे बंद झालेत, नुसती पेज देतात. साहेब म्हणतात की शाळेच्या बहनजींनी शोध लावलाय, कमी खाल्लं की आयुष्य वाढतं.

बाई खुर्चीवर बसल्या. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. हात मांडीवर होते.

"माया तक्त्यानं पोरायची डाळ काढली, देशकरबाई."

मी म्हटलं, तुमचा काय दोष, त्यांनी अर्धंच पाहिलं.

"अर्धं मीच लावलं होतं." त्या उठल्या, छत्री घेतली आणि मलाही चला म्हणाल्या.

तिवारीजी शेडमध्येच भेटले. ओळीने बसलेली मुलं ताटलीतली पेज पीत होती. बाईंनी सरळ विषय काढला. तिवारीजी अजिबात रागावले नाहीत. त्यांनी दारापाशी उभी असलेली पाच-सहा मुलं दाखवली. "बहनजी, पहले इन्हें लौटाना पड़ता था. अब सबको कुछ मिलता है. और आप ही ने तो दिखाया कि थोड़े में ज़्यादा जीते हैं."

"माशा जगल्या, मोठ्या झालेल्या माशा," बाई हिंदीत म्हणाल्या. "त्यांनी अंडी फार थोडी घातली. त्यांना डोक्यावर घमेलं नव्हतं. आणि त्यांना वाढायचं नव्हतं. ही मुलं मोठी माशी नाहीत, अळी आहेत."

"तो इल्ली का हिसाब क्या है?"

बाईंच्या जागी दुसरं कोणीही असतं तर ठोकून दिलं असतं. त्या म्हणाल्या, "अजून मोजलं नाही. मला तीन आठवडे द्या. तोवर माझं नाव घेऊ नका, आणि डाळ बंद करायची तर तुमच्या नावाने करा."

तिवारीजींनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून चणे तेवढे परत सुरू झाले, डाळ नाही.

ते तीन आठवडे बाई शाळेतून घरी फक्त झोपायला जात. सारखी अंडी मोजून तीन-तीन बाटल्यांत घातली. काहींत पूर्ण अन्न, काहींत निम्मं, काहींत चतकोर. अळ्या दिसायला लागल्या तेव्हाच फरक कळत होता. पूर्ण अन्नातल्या अळ्या गुबगुबीत होऊन काचेवर चढल्या आणि कोषात गेल्या. निम्म्यातल्या अजून अन्नात तोंड खुपसून फिरत होत्या. चतकोरातल्या बऱ्याच अळ्या तिथेच काळ्या पडल्या. निम्म्यातून माशा निघाल्या, पण उशिरा, आणि आकाराने एवढ्या लहान की मी म्हटलं ही दुसरी जात असेल.

"जात तेच आहे," बाई म्हणाल्या. "आता यायले कितीही खाऊ घाला. अळीपणी राहिलं ते राहिलं. माशी झाल्यावर वाढत नाही."

शेडच्या समितीची बैठक होती. तिवारीजी, दोन अधिकाऱ्यांच्या बायका, आणि एक डॉक्टर. बाईंनी भाषण केलं नाही. तीन पांढरे कागद मांडले, प्रत्येकावर इथर देऊन झोपवलेल्या माशा, आणि शेजारी भिंग ठेवलं. चतकोराच्या कागदावर जिवंत निघालेल्या मोजक्या माशा आणि त्यांच्या खाली मेलेल्या अळ्यांची ओळ. पहिला तक्ता आणला होता, अंड्यांचा दुसराही. मग म्हणाल्या की हे माशांचं आहे, मुलांचं नाही. मुलांचं डॉक्टरसाहेबांनी सांगावं. पण माशांचं नाव घेऊन कोणी काही ठरवणार असेल, तर सगळ्या बाटल्या बघून ठरवावं.

तिवारीजी भिंग घेऊन पहिल्या कागदापासून तिसऱ्यापर्यंत गेले आणि परत पहिल्याकडे आले. डॉक्टरांनी विचारलं, शेडमधल्या मुलांची वजनं कोणी घेतली आहेत का? कोणी घेतली नव्हती. बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं की शाळेचा काटा आहे, आम्ही घेऊ.

डाळ दुसऱ्या सोमवारी सुरू झाली. दारात उभ्या राहणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न उरलाच होता, आणि तो बाईंनी अंगावर घेतला. रविवारी त्या आणि मी कोहक्यापासून सेक्टरांपर्यंत दारोदार फिरलो. बाई दार वाजवत आणि कुठलीही प्रस्तावना न करता विचारत, "तुमच्या घरी आज तूर किती शिजली?" बायका गोंधळून खरं सांगत. "त्यातली एक वाटी दर रविवारी आमाले द्या." दुर्गच्या रेल्वे क्वार्टरांतल्या मराठी बायकांनी सगळ्यांत आधी दिली; तिथे गँगमनच्या मुलीला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. पावसाळ्यापर्यंत शेडच्या दारात उभं राहणारं मूल उरलं नाही. वजनाची वही मीच ठेवत असे. चौथ्या महिन्यात धनसायच्या नातीचं वजन वाढलेलं पाहून बाईंनी तो आकडा बोट ठेवून दोनदा वाचला.

हेडमास्तरांना हे सगळं फारसं रुचलं नाही, पण त्यांनी त्रासही दिला नाही. पुढच्या वर्षी दल्ली-राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणींवर नवी शाळा उघडली. तिथे जायला कोणी तयार नव्हतं. बाईंनी स्वतःहून नाव दिलं. त्यांचं सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि बाटल्यांची तीन खोकी.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. ह्यांना खाणीवर काही काम होतं, जीप जाणार होती, मीही निघाले. सगळीकडे लाल माती. पानं लाल, रस्ता लाल, बकऱ्या लाल. शाळेची दुपारची सुट्टी होती आणि शाळेत बाई नव्हत्या. शिपायाने खालच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे एका पळसाखाली लोखंडी दगड फोडणाऱ्या दहा-बारा बाया डबे उघडून बसल्या होत्या, आणि त्यांच्यात वत्सलाबाई मांडी घालून, पदर कमरेला खोचून, भात आणि अंबाडीची भाजी जेवत होत्या. तोंड भरलेलं असताना त्या कशावर तरी हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना निवांत बसून जेवताना पाहिलंच नव्हतं. शाळेत त्या उभ्याउभ्या डबा संपवत.

मला पाहून त्यांना फार नवल वाटलं असं दिसलं नाही. त्या पोत्यावर जरा सरकल्या.

"बसा. भात आहे अजून."

मी म्हटलं, माझं जेवण झालंय, जीप थांबलीय.

"झालं तरी बसा."

मी बसले. शेजारच्या बाईने पळसाच्या पानावर मला भात वाढला. बाईंनी ह्यांची चौकशी केली, मधल्या काळात झालेल्या माझ्या मुलीचं वय विचारलं, तिला दात किती आलेत ते विचारलं. मग खाणीचा भोंगा झाला. बायांनी डबे झाकले आणि दगडांकडे गेल्या. बाईंनी हात धुतले, ओला हात पदराला पुसला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

"पोरगी मोठी झाली की धाडा इकडे," म्हणाल्या, आणि चढण चढू लागल्या. लुगड्याचे काठ गुडघ्यापर्यंत लाल झाले होते. वळणावर त्या थांबल्या. मला वाटलं मागे वळून बघतील. पण वरून उतरत आलेल्या एका लहान मुलीला त्यांनी अडवलं होतं. त्यांनी तिला काही तरी विचारलं, मुलीने नाही म्हणून मान हलवली, आणि बाई तिचा हात धरून तिला परत वर घेऊन गेल्या.